वाफा क्रमांक नऊ

गणपती गेले की पुण्याच्या कानांत दडे बसतात. दोन महिने ढोलांच्या सरावाने थरथरणाऱ्या खिडक्या एका दिवसात गप्प होतात. मांडवांचे खांब निघतात आणि रस्त्यावर त्यांच्या जागी खड्ड्यांची नवी रांग उरते. मग पितृपक्ष लागतो. साड्यांची दुकानं जांभया देतात, कुणी नवी गाडी घेत नाही, कुणी घर बघायला जात नाही. दुपारी ऊन चावतं, चार वाजता आभाळ भरून येतं, आता पडेल, आता पडेल म्हणेपर्यंत तसंच निघून जातं. शहराने कुशीवर वळायचं ठरवावं आणि मध्येच थांबावं, तसे हे पंधरा दिवस.

मला या दिवसांत स्वस्थ बसवत नाही. शहराबाहेर मांजरी गावातल्या माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत मी चहाचा कप घेऊन उभी राहते, कप गार होतो, मी दुसरा करते. खराडीच्या ऑफिसात अर्धा दिवस उगाच जिने चढउतार करते. यंदाही तसंच चाललंय. परवा फोनवर दरवर्षीचा संदेश आला: "आपले चालू वर्षाचे तास. सेवा : अठ्ठावीस. अभ्यास : दहा. आवश्यक तास पूर्ण. अभिनंदन. बागमंडळ." तास पूर्ण आहेत. तरी मी तो संदेश चार वेळा उघडून पाहिला. पोट भरलेलं माणूस डब्याचं झाकण उघडून बघतं तसा.

ज्यांना आमचं बागमंडळ माहीत नाही त्यांना हा तासांचा हिशोब हास्यास्पद वाटेल. सदाशिव पेठेत एका बंद पडलेल्या शाळेच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे चौदा वाफे, तीन खतखड्डे, एक उंबर, एक नळ आणि पुष्कळ नियम आहेत. भाजी पिकते ती वस्तीतल्या पाळणाघराला जाते. काम करणारे सगळे हौशी. पण नुसती हौस चालत नाही. आधी बारा रविवार शिकायचं, मग परीक्षा द्यायची, मग हिरवा बिल्ला मिळतो. तो टिकवायचा तर दरवर्षी पंचवीस तास सेवा आणि दहा तास अभ्यास. अभ्यास म्हणजे वर्गाला बसणं, नाहीतर स्वतः वर्ग घेणं, नाहीतर एखादा प्रयोग करून त्याची रोज वही लिहिणं. वर्ष संपतं सर्वपित्री अमावास्येच्या आधीच्या रविवारी, कारण घट बसले की नवं वर्ष धरायचं असं पहिल्यापासून ठरलेलं. तास भरले नाहीत तर बिल्ला परत. मग वर्षभर पाहुणे म्हणून यायचं. पाहुण्याने बिल्लेवाल्याला विचारल्याशिवाय खुरपं उचलायचं नाही.

हे सगळं पहिल्यांदा मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी मजुरीचं विचारलं. कारंज्याकडच्या आमच्या गावात ती चाळीस वर्षं लोकांच्या वावरात निंदायला, तण काढायला, जाते.

"मंग रोज किती देते?"

"काही नाही गं आई. फुकट असतं."

"फुकट?"

"सेवा असते."

"आन् परीक्षा कायची मंग?"

"काम करायला मिळावं म्हणून."

"फुकट काम कराले मिळावं म्हून परीक्षा?" पलीकडे कुणाला तरी ती सांगू लागली, "आयका वं, पुन्यात फुकट निंदाले बी परीक्षा हाय म्हन्ते." दोघीतिघी हसल्या. मग तिचा आवाज खाली आला. "वैशू, मातीतच हात घालाचा होता तं शिकली कायले?"

मी विषय बदलून तिकडचा पाऊस विचारला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी लपवत नाही आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. बी. कॉम.ची तीन वर्षं मी याच सदाशिव पेठेत एका खोलीतल्या चौथ्या कॉटवर काढली. त्या खोलीच्या खिडकीतून ही बाग दिसायची. पायजम्यातले आजोबा, केसांचा बॉब केलेल्या आज्या, गळ्यात हिरवे बिल्ले, हातात झारी. एकदा मी फाटकाशी जाऊन उभी राहिले तर आतून एक आवाज आला, "काही काम आहे का? नसेल तर फाटक लावून घ्या, मांजर येतं." मी फाटक लावून घेतलं. बाहेरून. नोकरी लागल्यावर, खराडीला कामाला आणि मांजरीला राहायला गेल्यावर, पहिल्याच वर्षी मी बारा रविवार भरले. परीक्षेत दुसरी आले. बिल्ल्यावर माझं नाव होतं : वैशाली राऊत. त्याचा फोटो मी घरी पाठवला, तर बाबांनी तो गावातल्या फोटोवाल्याकडून छापून आणून माझ्या पदवीच्या शेजारी लावला. त्यांना ती दुसरी डिग्रीच वाटली.

आणि एक गोष्ट मी त्या बारा रविवारांत कुणाला सांगितली नाही. मला निंदता येत नव्हतं.

वर्गात पहिल्याच दिवशी लेलेबाईंनी विचारलं होतं, आपण कुठल्या. लेलेबाई म्हणजे शाळेत तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, मंडळाच्या सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या. मी गावाचं नाव सांगितलं, आई शेतात जाते म्हणाले. "अरे वा, मग आपणच आम्हाला शिकवायचं," त्या म्हणाल्या, आणि वीस माना कौतुकाने माझ्याकडे वळल्या. त्या माना मला आवडल्या. खरं असं की आईने मला वावरात कधी खाली बसू दिलंच नाही. मी बांधावर तुरीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसायची. चुकून इळ्याला हात लावला तर ती लांबूनच ओरडायची, "ठेव तो! हाताले सवय लागन." बायकांची रांग वाकून पुढे जायची, मागे काळी, विंचरलेली जमीन उरायची. मी फक्त पाहिलं. पण पाहिलेलं आपल्याला येतं असं माणसाला वाटायला लागतं, विशेषतः वीस माना वळल्यावर.

हे ज्या वर्षाचं मी सांगतेय, तीन वर्षांपूर्वीचं, त्या वर्षी गणपती झाले तेव्हा माझी सेवा तीस तास होती आणि अभ्यास फक्त चार. ऑफिसात दोन जणी सोडून गेल्या होत्या, त्यांचं काम माझ्या डोक्यावर आलं होतं, रविवारचे वर्ग बुडाले होते. लेलेबाईंचा संदेश आला : "अभ्यास : सहा तास कमी." कॉलेजात दर सत्राच्या शेवटी ऑफिसबाहेर कमी हजेरीवाल्यांची यादी लागायची. त्या यादीत माझं नाव एकदाही लागलं नाही. तापात लागलं नाही, आजी गेली तेव्हा लागलं नाही. आणि आता जिथे मी फुकट जात होते तिथल्या यादीत?

त्या रात्री मी नियमांचा कागद वाचून काढला. त्यात होतं : सभासदाने स्वतः दोन तासांचा वर्ग घेतल्यास तयारीसह सहा तास धरले जातील. मी लगेच लेलेबाईंना लिहिलं, 'निंदणीची शास्त्रीय पद्धत', प्रात्यक्षिकासह. त्यांनी अंगठा पाठवला.

आठवडाभर ऑफिसातून आल्यावर मी इंटरनेटवरून चित्रं गोळा केली. बावीस स्लाइड झाल्या. तणांची लॅटिन नावं, मुळांचे प्रकार, बाण, रंगीत चौकोन. आईला फोन करावा हे मला सुचलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सुचलं. पण मी पदवीधर, मला फोन करून विचारायचं तर मग ती डिग्री कशासाठी, असं काहीतरी मनात आलं आणि मी तेविसावी स्लाइड केली.

पितृपक्षातला पहिला रविवार. सकाळपासून फाटकाशी रांग. या दिवसांत पेठेतल्या घराघरांतून श्राद्धाला अळू लागतं, गवार लागते, लाल भोपळा लागतो आणि आमच्या नळापाशी अळू माजलेलं असतं. लेलेबाई स्वतः फाटकावर बसून पानं वाटत होत्या. "दोनच. दोनच घ्या. पितरांना मधुमेह असतो." उंबरावर कावळे जमले होते, कारण गेली कित्येक वर्षं आजूबाजूची माणसं पान ठेवायला आमच्याच भिंतीवर येतात. कावळेही आता सुस्त झालेत, खिरीकडे बघून मान फिरवतात. निर्माल्याच्या खड्ड्यातून भिजलेल्या झेंडूचा आंबूस, उबदार वास येत होता. त्यातून दोरे, कापूस आणि चमकी निवडण्याचे तास सेवेत धरतात, त्यामुळे त्या आठवड्यात सगळ्यांच्या नखांत चमकी होती.

माझ्या वर्गाला सात जण होते. स्लाइडचा तास बरा गेला. मग प्रात्यक्षिक. लेलेबाईंनी मला अकरा नंबरचा रिकामा वाफा दिला होता. जाऊन बघते तर त्यात गवत असं नव्हतंच, गणपतीच्या सुट्टीत कुणीतरी तो निंदून आपले सेवेचे तास भरून घेतले होते. सहा काड्या. सहा काड्या उपटून काय दाखवणार? शेजारी मात्र नऊ नंबरचा वाफा वीतभर हिरव्यागार गवताने दाटला होता. टोकदार पाती, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली. दिसायला सुरेख प्रात्यक्षिक.

नियम असा की कुठल्याही वाफ्याला हात लावण्याआधी फाटकाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकवलेली वही बघायची. कुणाचा वाफा, काय पेरलंय, सगळं असतं तिच्यात. फाटकाशी रांग होती. मी वही पाहिली नाही.

मी बसले. खुरपं तिरकं धरायचं, मुळाच्या बाजूने घालायचं, झटका नाही द्यायचा, माती झटकून उलटं ठेवायचं. सातही जण वाकून बघत होते. माझ्या हाताला लय आली. पाठीमागे काळी जमीन उरू लागली, विंचरलेली. मला आईचा हात आठवला आणि मनात म्हटलं, आलं की मला.

तेवढ्यात ऋजुता म्हणाली, "अगं वैशाली, वन सेकंद. हे रांगेत नाहीये का आलेलं?" ऋजुता हिंजवडीला कामाला जाते, माझ्यानंतरच्या वर्षीची, खुरपं धरायलाही तेव्हा नवीन होती.

मी वर पाहिलं. रांगेत होतं. आता सांगितल्यावर स्वच्छ दिसत होतं. चार रांगा, सरळ, वीत-वीत अंतराने. दोन मी उपटल्या होत्या.

तो क्षण मला नीट आठवतो. ऊन कानशिलावर होतं. कावळा ओरडत होता. सात माना माझ्याकडे वळलेल्या. माझ्या तोंडून, एका दमात, पाणी प्यायल्यासारखं आलं, "पाणी ज्या ओळीने जातं ना, त्या ओळीने गवतही उगवतं."

"ओह, ओके," ऋजुता म्हणाली. एका काकांनी ते वहीत लिहून घेतलं.

आणि मी उरलेल्या दोन रांगाही उपटल्या. माघार घ्यायची तर तिथेच घ्यायला हवी होती. घेतली नाही. शेवटी टाळ्या झाल्या. लेलेबाई हातातलं अळू खाली न ठेवताच आल्या, "झाला ना वर्ग? द्या," म्हणाल्या आणि सहा तासांवर सही केली.

सोमवारी दुपारी ऑफिसात जेवताना मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. काळा, मऊ, रिकामा वाफा. खाली सोवनीकाकांनी लिहिलं होतं :

"वाफा क्रमांक नऊ अतिशय स्वच्छ झाला आहे. स्वच्छता करणाऱ्यांचे आभार. तिथे राळा होता."

त्यावर पाच मिनिटांत एकवीस अंगठे आले. लोक पहिली दोनच वाक्यं वाचतात.

सोवनीकाका म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीचे, बाहेर पडताना इस्त्रीचा शर्ट आणि खिशात दोन पेनं. राळा, ज्याचा भात भोगीला करतात, तो पुण्याच्या वाफ्यात येतो का, असा त्यांनी प्रयोग धरला होता. गोकुळाष्टमीला पेरला होता. रोज सकाळी सव्वासातला येऊन वही लिहीत होते : उंची, पानं, ऊन, पाऊस. त्या एका वहीवर त्यांचे अभ्यासाचे दहाच्या दहा तास होते. गुडघ्यांमुळे वर्गाच्या लोखंडी खुर्चीवर त्यांना दोन तास बसवत नसे. त्या रविवारी वडिलांचं श्राद्ध होतं म्हणून आले नव्हते, एवढंच. वाफ्यावर आइस्क्रीमच्या काडीवर नावही लिहिलेलं होतं, म्हणे. पावसाने धुतलं.

ऋजुताचा मला वेगळा मेसेज आला. "तो आपलाच वाफा होता का गं?" मी लिहिलं, "बघते." काय बघणार होते?

त्यानंतरचे दिवस मी कशी होते ते मला शब्दांत सांगता येत नाही. सांगता येईल ते एवढंच की मी सारखी चालत होते. मांजरीला उसाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी दोन-दोन तास. उसाची पाती बघितली तरी मला ती राळ्याची वाटायची. मनात वकील उभे राहिले होते. काडी धुतली गेली त्यात माझा काय दोष? अकरा नंबर कुणी साफ केला? आणि पंच्याहत्तरीच्या माणसाला बिल्ला हवा कशाला? हा शेवटचा वकील बोलला तेव्हा मी रस्त्यात थांबले. चौथ्या कॉटवरच्या मुलीला बिल्ला हवा कशाला, असंही त्याने विचारलं असतं.

गुरुवारी सकाळी रजा टाकून बागेत गेले. सव्वासात. सोवनीकाका रिकाम्या वाफ्याशी छोट्या स्टुलावर बसून वही लिहीत होते.

"काका, आता काय लिहिताय?"

"रोजची नोंद." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. 'सोमवार. वाफा रिकामा. ऊन. मंगळवार. वाफा रिकामा. ऊन. बुधवार. वाफा रिकामा. ढगाळ. गुरुवार. वाफा रिकामा.'

"रिकाम्याची कशाला?"

"रोज लिहायचं असा नियम आहे. पीक असलं तरच लिहायचं असा नाही."

मी शेजारी बसले. सांगायलाच आले होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात ते मातीकडे बघत म्हणाले, "आधी म्हटलं उंदीर असेल. पण उंदीर अर्धं सोडतो. गाय असती तर तुडवलं असतं. हे बघा राऊत, मुळासकट, रांगेने, एकही काडी न सोडता." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हे शिकलेल्या माणसाचं काम आहे."

मी उठले. "ऑफिसला उशीर होतोय," म्हणाले. रजेवर असताना.

बागेबाहेर स्कूटरपाशी मी बराच वेळ किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

रविवारी सगळे उंबराखाली जमले. लेलेबाई टेबलामागे, समोर मोठं रजिस्टर. एकेकाचं नाव, सेवा, अभ्यास, पुढच्या वर्षीसाठी पात्र. माझं नाव आलं. "राऊत. सेवा तीस, अभ्यास दहा. पात्र." कुणीतरी "वा" म्हणालं. आडनावांच्या क्रमाने जातात, त्यामुळे सोवनी दोन नावांनंतर.

"सोवनी. सेवा सव्वीस. अभ्यास..." बाईंनी चष्मा वर केला. "काका, तुमची वही बघितली. फसलेला प्रयोगही आपण धरतो, तुम्हाला माहीत आहे. पण फसण्याचं कारण लिहिलेलं हवं. कारणाचा रकाना कोरा आहे."

"कोराच आहे."

"अहो, काहीतरी लिहा. पाऊस लिहा. कीड लिहा."

"पाऊस नव्हता. कीड नव्हती." काका बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले. "कारण मला माहीत नाही. आणि जे माहीत नाही ते मी लिहीत नाही."

"मग शून्य होतात तास."

"मग शून्य लिहा."

त्यांनी बिल्ल्याची दोरी डोक्यावरून काढली. काढताना ती चष्म्यात अडकली, ती सोडवायला त्यांना दोन्ही हात लागले. आणि त्या दोन हातांकडे बघताना माझ्या कानात माझाच आवाज आला : पाणी ज्या ओळीने जातं ना. कुणाला शंका उरू नये इतक्या खात्रीने मी सांगितलं होतं. ज्याला माहीत नव्हतं तो माणूस गप्प बसून सगळं सोडत होता आणि जिला माहीत नव्हतं ती वर्ग घेऊन पात्र झाली होती.

मी उभी राहिले. टेबलापर्यंत गेले. काकांची वही उघडली, आणि त्यांच्याच पेनाने, त्यांनी हातात दिलेल्या, रकान्यात लिहिलं : 'निंदणी करणाऱ्या व्यक्तीने वही पाहिली नाही. तिला राळा ओळखता येत नव्हता. विचारल्यावर तिने खोटं सांगितलं.' खाली सही केली.

लेलेबाईंनी वाचलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं, कारण नोंदी मोठ्याने वाचायच्या असतात. ज्या काकांनी माझं वाक्य वहीत लिहून घेतलं होतं ते पानं उलटत होते, बहुधा खोडायला.

"सोवनी. अभ्यास दहा. पात्र," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "आणि तुमच्या वर्गाचं काय करायचं?"

"वर्गात चुकीचं शिकवलं मी. तास काढा."

"म्हणजे चार उरतात."

"हो."

"हं. पदवीधर आहात, वजाबाकी येतेच." त्यांनी लाल पेन उचललं. बोलणं लागलं मला, पण त्यांचा हात रेघ मारताना रेंगाळला हेही मी पाहिलं. मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. सोवनीकाकांनी त्यांचा परत गळ्यात घातला. आमची नजरानजर झाली नाही.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. वीस मानांपासून. मला वाटलं आता म्हणेल, मले इचारलं असतं तं. तेच ऐकायची तयारी करून बसले होते.

"राळा?" ती म्हणाली. "आपल्याकडं कुठी राळा हाय? पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. मलेबी नसता ओयखू आला."

"मग तू काय केलं असतं?"

"मी कायले उपटतो? आमी वावरात बसाच्या आधी मालकिनीले इचारतो, काय ठेवाचं म्हून. मंगच इळा लावतो."

"काय उपटायचं असं नाही विचारत?"

"उपटाचं तं लय असते. किती सांगन थे? ठेवाचं तेवढं सांगते."

मला हे फार सुंदर वाटलं. मी तसं म्हणाले. ती जराशी चिडली. "सुंदर कायचं? नाई इचारलं न् चुकलं, तं उद्या कोन बोलावते निंदाले? भेव असते, बाई, भेव."

हे वाक्य माझ्यातून अजून गेलेलं नाही. बांधावर बसून मी तिला रोज ते विचारताना ऐकलं होतं, की मालकीण, काय ठेवाचं, आणि मला त्याची लाज वाटायची. एवढी माझी आई, आणि कुणालातरी खालून वर बघत विचारते. मला वाटायचं, शिकायचं ते यासाठी की कुणाला असं विचारावं लागू नये. बी. कॉम. झाले, बिल्ला मिळवला, आणि खरंच कुणाला विचारलं नाही. मग चूक कुठे झाली? त्या प्रश्नात शहाणपण होतं, आणि भीतीही होती, आणि मी दोन्ही एकदमच फेकून दिली, मुळासकट, रांगेने. आता शहाणपण तेवढं वेगळं काढून घ्यायचं म्हणते तर ते निघत नाही. आईच्या भीतीने घडलेला प्रश्न मी सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून वापरायचा, हेही मला नीट गिळवत नाही. यावर मी अजून चालतेच आहे, त्या उसाच्या रस्त्यावरून.

पण वापरला. पुढच्या रविवारी, घट बसले होते, घराघरांत परडीतली माती ओली होती, मी बिल्ल्याशिवाय बागेत गेले. पाहुणी. नऊ नंबरच्या वाफ्यात सोवनीकाकांनी मेथी टाकली होती आणि तिच्यात गवत आलं होतं. मी त्यांच्या स्टुलाशेजारी खाली बसले.

"काका, काय ठेवायचं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे विचारायला बारा रविवार आणि एक वर्ग लागला?"

"हो."

"ठीक. मेथी ठेवा. बाकी माझ्या परवानगीने." मग खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. राळ्याचं बी, टरफलासकट. "घरी दोन कुंड्या करा. एकीत हे, एकीत गवत. रोज लिहा. तास मिळणार नाहीत."

वर्षभर लिहिलं. सांगायला हवं की मला अजूनही खात्रीने ओळखता येत नाही. पान खोडाला मिळतं तिथे बारीक केसांची झालर असते वगैरे सगळं वाचलंय, पाहिलंय. पण कणीस बाहेर येईपर्यंत कुठली कुंडी कुठली ते मी वहीत बघते. नंतर मी पुन्हा बारा रविवार भरले, बिल्ला परत मिळवला. आता वाफा क्रमांक अकरा माझ्या नावावर आहे.

काल रविवार होता. फाटकाशी अळूची रांग, लेलेबाईंचा तोच आवाज, उंबरावर तेच आळसावलेले कावळे. सोवनीकाकांचे सेवेचे दोन तास कमी पडत होते. अठ्ठ्याहत्तरीला आलेत, जड काम नको म्हणून बाईंनी त्यांना निंदणी दिली. माझ्या वाफ्यावर. ते काठीचा आधार घेत आले, स्टूल मांडलं, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, खुरपं हातात घेतलं आणि थांबले. टपाल खात्याच्या खिडकीतून विचारावं तसं, खालून वर बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बोला राऊत. काय ठेवायचं?"

माझ्या कानशिलावर ऊन होतं. मी वाफ्यात पाहिलं. मेथी होती, मुळ्याची चार रोपटी होती, हरळी होती. आणि कडेला, कुठल्याही रांगेत नसलेलं, दोन पानांचं एक काहीतरी. मी पेरलेलं नाही. पाखराने टाकलं असेल, निर्माल्यातून आलं असेल. मी खाली बसून पाहिलं, पानाची कड पाहिली, खोड पाहिलं.

"मेथी आणि मुळा ठेवा काका," मी म्हणाले. "आणि ते एक."

"ते काय आहे?"

"माहीत नाही मला."

त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं, खिशातलं दुसरं पेन काढलं आणि माझ्या पुढे धरलं.

"मग तसं लिहा."